पाट, पाळी आणि फड : पश्चिम खानदेशातील एका जुन्या जलव्यवस्थेचा शब्दसाक्षीने विचार

नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, त्याच्या काठाने पाट काढावयाचा आणि पाटाखाली येणारी सर्व जमीन गावाने मिळून भिजवावयाची, अशी एक जुनी पद्धत पश्चिम खानदेशात व त्याला लागून असलेल्या बागलाणात रूढ आहे. तिला फडपद्धत म्हणतात. तापीच्या खोऱ्यातील पांझरा, मोसम आणि आरम या तीन नद्या हे तिचे मुख्य क्षेत्र होय. पहिली नदी साक्री व धुळे या बाजूने वाहत जाऊन मुडावदजवळ तापीस मिळते; उरलेल्या दोन नाशिक जिल्ह्यातून गिरणेकडे जातात. ही पद्धत किमान तीनचारशे वर्षांची असावी, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. स्थापत्याच्या व शेतीशास्त्राच्या अंगाने तिचे वर्णन अनेकांनी केलेले आहे. तथापि ज्या शब्दांच्या आधारे ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्या शब्दांची साक्ष इतिहासाच्या कामी फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात ती घेण्याचा विचार आहे.

प्रथम व्यवस्थेचे स्वरूप थोडक्यात पाहू. बंधाऱ्यापासून निघणारा मुख्य पाट किंवा कालवा दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब असतो. त्यातून चाऱ्या फुटतात. चाऱ्यांतून शेतोशेत पाणी नेणारे लहान पाट निघतात, त्यांना ‘सारंग’ म्हणतात. आणि जादा झालेले पाणी ‘सांडम’ वाटे पुन्हा ओढ्याला अगर नदीला जाते. पाटाखालच्या क्षेत्रास ‘कायम बागायत’ अशी संज्ञा आहे. या क्षेत्राचे बहुधा चार भाग पाडलेले असतात आणि तेच फड होत. एकेक फड दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत असू शकतो. यंदा कोणता फड भिजवावयाचा, कोणता पडीत ठेवावयाचा आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, याचा निर्णय दरवर्षी गाव करते. एका फडात एकच पीक, हा या पद्धतीचा कणा आहे. एखाददुसऱ्या फडात ऊस असतो व बाकीच्यांत हंगामी पिके असतात. पुढील वर्षी हा क्रम फिरतो. त्यामुळे जमिनीचा कस टिकतो, ती पाणथळ व खारवट होण्याचा धोकाही कमी होतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. म्हणून ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड सोडून दिला तरी एकट्यादुकट्यावर संकट कोसळत नसे. प्रत्येकाची थोडी जमीन कोरडी राही आणि प्रत्येकाची थोडी भिजे. जमिनीचे तुकडे होणे हा आधुनिक शेतीशास्त्राने दोष मानला आहे. या व्यवस्थेत मात्र तुटीची वाटणी त्याच तुकड्यांच्या आधाराने होत होती. पर्जन्यछायेतील या प्रदेशात वर्षाला जेमतेम पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही भरवशाचा नसतो. पाणी मुबलक असता त्याची वाटणी कोणीही करू शकतो. व्यवस्थेची खरी परीक्षा तुटीच्या वर्षीच होते.

आता शब्दांकडे वळू. या जलव्यवस्थेचा शब्दसंच एका घडणीचा नाही. त्यात निदान तीन थर स्पष्ट दिसतात.

पहिला थर ‘कालवा’ या शब्दाने सूचित होतो. कानडीतील ‘कालुवे’, तेलुगूतील ‘कालुव’ आणि तमिळमधील ‘काल्वाय्’ यांच्याशी त्याचे नाते उघड आहे. तेव्हा हा शब्द मराठीस दक्षिणेकडून मिळालेला आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र शब्द दक्षिणेचा म्हणून खानदेशचे बंधारे दक्षिणेकडील कारागिरांनी बांधले, असे कोणी म्हणू लागल्यास ती घाई होईल. मराठीच्या घडणीत द्राविडी शब्दांचा वाटा मोठा आहे आणि ‘कालवा’ हा शब्द मराठी जेथे जेथे गेली तेथे तेथे तिच्याबरोबर गेला असणार.

दुसरा थर आर्य भाषांचा व बोलींचा असून तो सर्वांत जाड आहे. पाट, चारी, पाळी, सांडवा, जागल्या हे शब्द या थरातले. ‘पाळी’ची परंपरा संस्कृत ‘पालि’पर्यंत म्हणजे कड, ओळ या अर्थापर्यंत नेता येते, ओळीने येणारा क्रम तो पाळी. ‘सांडवा’ हा सांडणे या क्रियापदापासून, ‘जागल्या’ हा जागणे यापासून झालेला आहे. ‘पाट’ हा पट्ट–पाट या मालिकेत बसतो. पट्ट म्हणजे लांबट, सपाट तुकडा. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) या शब्दाखाली पाण्याच्या मार्गाबरोबर पुनर्विवाहाचाही अर्थ दिलेला आढळेल. एकाच उच्चाराखाली इतके भिन्न अर्थ नांदत असूनही ‘पाटाचे पाणी’ म्हटले असता ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा झाला नाही. घामाचे पाट आणि रक्ताचे पाट वाहू लागले ते याच अर्थाच्या विस्ताराने.

तिसरा थर फारसी-अरबी होय. या थराचे स्वरूप बाकी दोहोंहून वेगळे आहे. ‘हवालदार’ हा शब्द अरबी ‘हवाला’ आणि फारसी ‘-दार’ यांच्या जोडणीतून आला. ‘बागायत’ हा ‘बाग’ या फारसी शब्दाच्या अनेकवचनी रूपापासून, ‘जिरायत’ हा अरबी ‘झिराअत’पासून आलेला आहे. म्हणजे फारसी-अरबी शब्द सापडतात ते अधिकाराच्या जागी आणि महसुलाच्या वर्गवारीत. पाणी ज्यातून वाहते, ज्याने अडते, ज्या क्रमाने मिळते त्यांपैकी एकाही वस्तूस किंवा क्रियेस या थरातील नाव नाही. अपवाद म्हणून ‘बंधारा’ शब्दाकडे कोणी बोट दाखवील, कारण फारसीतही ‘बंद’ आहे. परंतु संस्कृत ‘बन्ध्’ आणि फारसी ‘बंद’ ही मुळात एकाच कुळातील भावंडे असल्यामुळे या शब्दाची साक्ष कोणत्याच बाजूने घेता येत नाही. साक्षीदार दोन्ही पक्षांचा नातलग निघाला, एवढेच.

खानदेशातील जुन्या बंधाऱ्यांचे श्रेय मुसलमान राजवटीस, विशेषतः फारुकी सुलतानांस देणारी एक परंपरा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत फारुकींचा अंमल येथे होता. ही परंपरा सर्वस्वी खोटी ठरविण्याचे कारण नाही. चुना-दगडाचे भक्कम बांधकाम करण्यास राजाश्रय लागतो. शब्दांची साक्ष मात्र एवढेच सांगते की, राजसत्तेने या व्यवस्थेस अधिकाऱ्याचे नाव दिले, जमिनीच्या प्रतीस नाव दिले, आणि पाण्यास हात लावणाऱ्या माणसाचे नाव जसे होते तसेच ठेवले.

अशा अनुमानास कितपत अर्थ असतो, हे पाहण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेतो. स्पेनमध्ये सामुदायिक पाटास ‘आसेकिआ’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अस्-साकिया’पासून झाला, त्याच्या मुळाशी पाजणे, पाणी देणे या अर्थाचा ‘स-क-य’ हा धातू आहे. आपल्याकडे गझलेतून परिचित झालेला ‘साकी’ याच धातूचा. बंधाऱ्याचा ‘आसुद’ हा शब्दही तेथे अरबीच, आणि मध्ययुगात पाटावर देखरेख करणाऱ्याचे पदनाम ‘साहिब अस्-साकिया’चेच रूपांतर होते. १२३८ मध्ये व्हॅलेन्सिया जिंकल्यावर पहिल्या जाउमे राजाने पाण्याची वाटणी मुसलमानी काळी जशी होती तशीच चालू राहावी, असे सनदेने ठरवून दिले. आजही व्हॅलेन्सियाचे पाणी-न्यायालय दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी भरते, त्याचे काम तोंडी चालते, आणि न्यायाधीश हे स्वतः पाटावरचे शेतकरीच असतात. युनेस्कोने २००९ मध्ये त्यास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तोच शब्द स्पॅनिश वसाहतवाल्यांबरोबर १५९८ नंतर न्यू मेक्सिकोत गेला. १८४८ च्या तहाने तो प्रदेश अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेल्यावरही टिकून राहिला. तेथे पाटाच्या कारभाऱ्यास मात्र ‘मायोर्दोमो’ हे लॅटिन कुळातले नाव आहे.

हे चित्र खानदेशच्या नेमके उलट आहे. तेथे वस्तूची नावे अरबी आणि काळाच्या ओघात अधिकाऱ्याचे नाव लॅटिन. येथे वस्तूची नावे देशी आणि अधिकाऱ्याचे नाव अरबी-फारसी. थॉमस ग्लिक यांनी मध्ययुगीन व्हॅलेन्सियावरील आपल्या ग्रंथात (१९७०) अशा शब्दांवरून संस्थांच्या प्रसाराचा विचार मोठ्या साक्षेपाने केला आहे. शब्द आला म्हणून संस्था आलीच, असे होत नाही. परंतु तंत्राचे शब्द आणि कारभाराचे शब्द दोन वेगळ्या थरांतून येतात, तेव्हा तंत्र आणि कारभार यांचे मूळ एक नसावे, असा संशय धरण्यास जागा होते. खानदेशात हा संशय बळकट आहे, असे मला वाटते.

आता माणसांची नावे. फडावर प्रत्यक्ष काम करणारे ते पाटकरी आणि जागल्या. त्यांच्यावर देखरेख हवालदाराची. पाटकरी पाणी वाटतो आणि जागल्या पिकाची व पाटाची राखण करतो. यांचा मोबदला परंपरेने धान्याच्या पेंढ्यांच्या रूपाने, म्हणजे पिकातूनच मिळे. एका फडात एकच पीक असल्यामुळे प्रत्येक शेताची पाण्याची गरज सारखी. म्हणून पाटकऱ्याने एका कडेने भिजवीत जावे, शेतमालकाने बांधावर येऊन उभे राहण्याची आवश्यकता नाही, अशी ही रीत. ज्यांनी पश्चिम महाराष्ट्रात रात्रीअपरात्री हातात कंदील घेऊन दारे धरणारा शेतकरी पाहिला आहे, त्यांना या रीतीचे नवल वाटेल. तेथे प्रत्येक जण आपल्या पाण्याचा पहारेकरी असतो. फडावर पहारा सामाईक आणि पाणी घालणारा हातही सामाईक.

‘पाटकरी’ या शब्दातील ‘-करी’ प्रत्यय येथे लक्ष देण्याजोगा आहे. शेतकरी, गावकरी, वारकरी, मानकरी हे शब्द पाहा. या प्रत्ययाने धंद्यापेक्षा काहीसे अधिक सूचित होते. त्या त्या गोष्टीशी बांधलेला, तिच्यात वाटा असलेला असा माणूस त्यातून उभा राहतो. पाटकरी हा पाटाचा चाकर खरा, पण तो कोणा एकाचा चाकर नव्हे.

आणि ‘फड’? या शब्दाच्या व्युत्पत्तीसंबंधी मतभेद आहेत. ‘फडणवीस’ या शब्दाचे मूळ फारसी ‘फर्द-नवीस’मध्ये शोधले जाते म्हणून सगळेच फड त्या एका कागदात गुंडाळता येतील, असे नाही. व्युत्पत्तीपेक्षा प्रयोग अधिक बोलका आहे. उसाचा फड, तमाशाचा फड, कुस्तीचा फड आणि पंढरीच्या वाटेवरचे वारकऱ्यांचे फड : या सर्व ठिकाणी फड म्हणजे जागाही आहे आणि तिच्यावर जमलेला, काही एक शिस्त मानणारा समुदायही आहे. फडातून माणूस उठला तरी फड राहतो. जमिनीच्या तुकड्यास शेत, वावर, राण, मळा असे कितीतरी शब्द मराठीत असताना या पद्धतीत समुदायवाचक शब्द रुजला, हे केवळ योगायोगाने घडले असेल असे मानणे मला कठीण जाते.

मराठी वाङ्मयात पाटाच्या पाण्याचा ठसा शोधू गेल्यास तो फार मागे सापडतो. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात (ग्रंथरचना शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०) माळी जिकडे नेईल तिकडे मुकाट्याने जाणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त आलेला आहे, कर्तृत्वाचा अभिमान सोडलेल्या माणसाने तसे व्हावे, असा त्याचा आशय. दृष्टान्त हा नेहमी श्रोत्यांच्या नित्य परिचयातून घ्यावा लागतो. तेराव्या शतकात वळवून नेलेले पाणी इतके परिचयाचे होते, हा त्याचा ऐतिहासिक अर्थ. पण तो माळी एकटा आहे. पुढे खानदेशच्याच कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या काव्यात मोट आली. त्यांचा मुलूख पूर्व खानदेशचा, विहिरींचा. मोटेवर गाणे असते, बैल असतात, माणूस एकटा असून स्वतःशी गुणगुणत असतो. फडाला असे गाणे लाभले नाही. पाटाचे पाणी वाटण्याच्या कामात गुणगुणण्यापेक्षा हुज्जत अधिक होत असावी.

मोट आणि पाट यांच्यातील हा भेद सरकारी दप्तरातही उतरला आहे. मोटेवर भिजणारी जमीन ती मोटस्थळ व पाटावर भिजणारी ती पाटस्थळ. आकारणी ठरविताना हा फरक विचारात घेतला जाई. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी या संज्ञा तशाच उचलल्या. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने पश्चिम भागातील नद्यानाल्यांवर पडक्या बंधाऱ्यांच्या खुणा असल्याचे नमूद केले आहे. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या विश्वेश्वरय्या यांना आरंभीच्या नेमणुकीत पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे पाटाचे पाणी नळातून पलीकडे नेण्याचे काम मिळाले होते. पुढे त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर जी ‘ब्लॉक’ पद्धत सुरू केली तिच्यात क्षेत्राचे भाग पाडून ऊस व इतर पिके फिरती ठेवण्याची कल्पना होती. फडाशी तिचे साम्य डोळ्यांत भरते. तथापि साम्यावरून उगम ठरविण्याचा मोह शब्दांच्या बाबतीत जितका आवरावा लागतो, तितकाच तो संस्थांच्या बाबतीतही आवरावा लागतो.

सरकारी सिंचनाने गावाचे शब्द घेतले, पण त्यांचे अर्थ मात्र बदलले. ‘पाट’ आणि ‘बंधारा’ हे दोन जुने शब्द जोडून ‘पाटबंधारे खाते’ झाले. आता त्याचे नाव ‘जलसंपदा विभाग’ आहे. ‘पाटकरी’ हा गावाचा माणूस होता, तो खात्याच्या सेवकवर्गातील एक पद झाला. ‘पाळी’च्या जागी ‘आवर्तन’ आले. मोठ्या कालव्यांवर जी ‘शेजपाळी’ चालते, तिच्या नावात शेज आणि पाळी हे दोन्ही शब्द अस्सल आहेत. पण तिच्या आरंभी पाणी-अर्ज असतो. शेतकऱ्याने आपल्या पिकाचे क्षेत्र नमूद करून पाणी मागावयाचे आणि अधिकाऱ्याने ते मंजूर करावयाचे. या लेखात फडाचा जो शब्दसंच मांडला त्यावर पुन्हा नजर फिरवावी : बंधारा, पाट, चारी, सारंग, सांडम, पाळी, फड, पाटकरी, जागल्या, हवालदार. यात अडविण्याचा, नेण्याचा, वाटण्याचा, सांडण्याचा, राखण्याचा शब्द आहे. मागण्याचा नाही. फडात काय पिकणार हे एकदा ठरले की पाणी कोणाला मिळणार हा प्रश्न उरतच नसे. या पद्धतीचे सांस्कृतिक महत्त्व येथे आहे, असे मी समजतो. बंधाऱ्याच्या दगडांत ते त्या मानाने कमी आहे.

सामुदायिक कामाचे बंधनही तितकेच जुने आहे. कौटिल्याने ‘जनपदनिवेश’ प्रकरणात अनेकांनी मिळून सेतू बांधण्याच्या कामाचा विचार केला आहे. जो त्यातून अंग काढून घेईल त्याच्या गड्यांनी व बैलांनी काम केले पाहिजे, खर्चाचा वाटाही त्याने उचलला पाहिजे, पण फळात मात्र त्याला भाग नाही, असा तेथील दंडक आहे. पाटातला गाळ काढणे, फुटलेला बांध घालणे ही कामे फडावर लाभधारकांनी मिळून करावयाची असत. न्यू मेक्सिकोतही वसंत ऋतूत पाट साफ करण्यास प्रत्येक वाटेकऱ्याने यावे किंवा माणूस पाठवावा, अशी रीत आहे. पाट वर्षातून एकदा सर्वांच्या हातांखालून गेला नाही तर तो सर्वांचा राहत नाही, हे दोन्हीकडे ओळखलेले होते.

असे असले तरी फडाचे चित्र सोन्याने मढविण्याचे कारण नाही. ही समता खातेदारांपुरती होती. ज्याची पाटाखाली जमीन नाही, त्याला फडाच्या निर्णयात स्थान नव्हते. खानदेशात गावोगावचे जागले पुष्कळदा भिल्ल असत. बंधाऱ्यावरच्या सर्वांच्या पिकासाठी रात्र जागविणाऱ्या माणसास पेंढी मिळे, पाळी मिळत नसे. शिवाय वर आलेली कर्तृवाचक नामे सर्व पुल्लिंगी आहेत. उसाची खुरपणी बायकांनी केली असणारच, पण कारभाराच्या शब्दसंचात त्यांच्यासाठी एकही नाम घडले नाही. शब्दाची साक्ष घ्यावयाची तर ती सोयीच्या ठिकाणी थांबवून चालणार नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीची पकड ढिली झाली. पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर अशी धरणे वरच्या अंगाला झाली; नदीचे पाणी बंधाऱ्यापर्यंत केव्हा व किती यावयाचे हे गावाबाहेर ठरू लागले. विजेचे पंप आल्यावर ज्याच्या शेतात विहीर त्याला फडाचा क्रम पाळण्याची गरज उरली नाही. फडात तो ऊस लावू लागला आणि शेजारी गहू, की एका कडेने भिजवीत जाणाऱ्या पाटकऱ्याचा हिशेब तेथेच मोडतो. काही बंधाऱ्यांवर ही पद्धत अजून चालते. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांना सिंचनाच्या कारभारात स्थान दिले आणि त्या निमित्ताने फडाची आठवण विद्वानांच्या सभांतून वारंवार निघू लागली. या संस्थेचा घटक मात्र सभासद आहे. फडाचा घटक फड होता.

भाषेच्या विद्यार्थ्यांना येथे करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि ते लवकर करावयास हवे. अहिराणी बोलणाऱ्या वृद्ध पाटकऱ्यांकडून या शब्दांचे उच्चार टिपून घेतले पाहिजेत; पाणी वळविणे, तोडणे, चोरणे, उलटे घेणे या प्रत्येक क्रियेस त्यांनी कोणते क्रियापद वापरले ते लिहून घेतले पाहिजे. पाण्याच्या जाडीस, वेळेच्या मापास आणि पेंढीच्या आकारास असलेली नावे मुद्रित कोशांत मिळण्याची आशा कमी. पांझरेकाठचे शब्द आणि मोसम-आरमकाठचे शब्द शेजारी ठेवून पाहिले, तर हवालदार कोणत्या बंधाऱ्यावर आहे आणि कोणत्यावर त्याच्याऐवजी देशी नाव टिकले आहे, हे दिसेल. कारभाराचा थर तंत्रावर कोठे बसला आणि कोठे बसला नाही, याचा नकाशा त्यावरून काढता येईल.